द्विवचन

तोर्गुन म्हणते, रात्री वाचलेलं डोक्यात राहत नाही,
एकसष्टाव्या वर्षी तर नाहीच.
पहाटे उठून बस म्हणते, डोकं ताजं असतं.
मी खिडकीकडे बोट दाखवतो :
कुठली पहाट?
वरांगेरच्या फ्योर्डवर नोव्हेंबरात बुडालेला सूर्य
जानेवारी सरता सरता वर येणार.
तोवर दुपारी बाराला थोडं निळं होतं,
माशाच्या खवल्यावर होतं तेवढंच,
आणि मिटतं.

जूनमध्ये उलट.
मध्यरात्री स्वयंपाकघरात एवढं ऊन
की वहीवर डोळे दिपतात.
हा अभ्यास रात्रीचा धरायचा की दिवसाचा,
ते तिच्या मासिकात लिहिलेलं नाही.

चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली मी.
हात ठेवला की कळतं, कुठलं बेअरिंग रडतंय.
शब्दांवर हात ठेवून काहीच कळत नाही.
दर बुधवारी शाळेच्या मागच्या खोलीत
रिस्टेन सामी शिकवते. चोवीस वर्षांची पोर.
आम्ही सातजण, पिकल्या केसांचे.
आमच्या आया याच भाषेत जन्मल्या,
आणि आम्ही ती गिरवतो
शेजाऱ्याकडून उसनी आणल्यासारखी.

पहिल्या दिवशी तिनं बर्फाचे शब्द काढले.
मी म्हटलं, ते पाहुण्यांना सांगायला बरे.
मला दे :
तहान. उशी. दुखतंय का. कुठे.

कारण आई.
नव्वदी ओलांडली, वृद्धाश्रमात असते.
मागून शिकलेलं नॉर्वेजियन आधी गळालं,
दोन हिवाळ्यांत, रंगाचे पोपडे पडावेत तसं.
खालचं लाकूड मी कधी पाहिलंच नव्हतं.
दिवसभर ती भिंतीसारखी गप्प.
रात्री दोनला बोलायला लागते.
रात्रपाळीची ऊडलाऊग फोन करते :
इसाक, ती काहीतरी मागतेय,
मला कळत नाही, येतोस?

म्हणून रात्री.
स्मरणशक्तीचं कोण बोलतंय?
परीक्षाच रात्री असते.

सातव्या वर्षी तिला वसतिगृहात घातलं होतं.
तिथे दिवसा ही भाषा तोंडातून निघाली
तर जेवणाला उभं राहावं लागे.
मग दिवे गेल्यावर दोन-दोन मुली एका पांघरुणात,
घरच्या कुत्र्यांची नावं, आजीच्या शिव्या,
एकेक शब्द पुटपुटून बघायचा
अजून येतो का.
हे मला तिनं नाही, मावशीनं सांगितलं,
तेही मावशा सांगतात तसं, अर्धं.
आईनं आम्हाला एक अक्षर शिकवलं नाही.
झोपेत मात्र बडबडायची.
आम्हाला वाटायचं, तिला ताप येतो.

काल मी विचारलं, पाणी हवंय का.
क्रियापदाचा शेवट चुकला.
तिनं डोळे उघडले. हसली.
मग बरोबर रूप म्हणून दाखवलं, सावकाश, दोनदा,
आणि मी म्हणेपर्यंत
पेल्याला हात लावला नाही.

नंतर गादीवर थाप मारून म्हणाली, मोआय.
हा शब्द येत होता मला. गेल्याच बुधवारचा.
‘आम्ही’ नव्हे. आम्ही दोघं, फक्त दोघं.
त्यांच्याकडे – आमच्याकडे – त्याला वेगळं रूप आहे.
रिस्टेननं फळ्यावर तक्ता काढला
तेव्हा मी कुरकुरलो होतो :
दोघांसाठी एवढं व्याकरण कशाला?

त्या दोघांत दुसरं कोण होतं
मला माहीत नाही.
पांघरुणातली ती मुलगी असेल.
मी बूट काढले आणि कडेला बसलो.

पाचला घरी आलो. अंधार तोच, जसाच्या तसा.
तोर्गुन कॉफी गाळत होती.
राहिलं का काही डोक्यात, तिनं विचारलं.
मी वही उघडून आधी
चुकलेलं क्रियापद लिहिलं,
दोनदा.